रंग बदलणारे झाड अंगणात लावताना

आपल्या पंचांगातला शरद ऋतू येतो आश्विन-कार्तिकात. त्या वेळी शिवारात काय दिसते? भात निसवून लोंब्या भरत आलेल्या असतात, बांधावरचे गवत कमरेइतके वाढलेले असते आणि झाडे तर चार महिने पावसात न्हाऊन गर्द हिरवी झालेली असतात. पिवळे पान शोधून सापडत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत हल्ली मंडळी मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. पडद्यावर परदेशातला एखादा रस्ता असतो. दोन्ही बाजूंना लाल, केशरी, पिवळ्या पानांची झाडे आणि खाली त्याच पानांचा सडा. "साहेब, घर नवे बांधलेय. दारात असले झाड लावायचे म्हणतो. कुठे मिळेल?"

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. खते, बियाणे, कीड-रोग, अनुदान यांच्या प्रश्नांची सवय आहे. पण हा प्रश्नही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो आणि दारातले झाड तर नातवंडांपर्यंत पुरते. पीक चुकले तर पुढच्या हंगामात दुरुस्त करता येते. झाड चुकले तर ते कळेपर्यंत दहा वर्षे निघून गेलेली असतात.

आमच्याच तालुक्यातल्या एका कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी तीन रोपे आणली. रोपांवर लाल पानांचे चित्र होते आणि किंमत होती नगाला बाराशे रुपये. घरातल्या आजी रोज संध्याकाळी कळशीभर पाणी घालीत. पावसाळा बरा गेला, थंडीही गेली. चैत्रात पानांच्या कडा करपल्या आणि वैशाखाच्या उन्हात तिन्ही रोपे काडीसारखी वाळली. आजींना वाटले, आपलेच पाणी कमी पडले. मी त्यांना सांगितले, "आजी, तुमचे पाणी कमी पडले नाही. त्या झाडाला हवी होती थंडी, आणि ती आपल्या गावात विकत मिळत नाही."

हे जरा फोडून सांगतो. पान हिरवे दिसते ते त्यातल्या हरितद्रव्यामुळे. पानात पिवळा रंगही आधीपासून असतो, पण हिरव्यापुढे तो दिसत नाही. पान गळायची वेळ आली की झाड हरितद्रव्य मोडते आणि पानातले नत्र, स्फुरद यांसारखे जमेल तेवढे अन्न फांदीत ओढून घेते. घर सोडताना आपण भांडीकुंडी आवरतो ना, तसेच. हिरवा रंग गेला की पिवळा उघडा पडतो. काही झाडे त्याच वेळी पानात तांबडा रंग नव्याने तयार करतात. मग देठाशी पडदा धरतो आणि पान गळून पडते.

थंड मुलखातल्या झाडाला ही सूचना मिळते ती लहान होत जाणाऱ्या दिवसाकडून आणि वाढत्या थंडीकडून. पुढे बर्फ पडणार, जमीन गोठणार, म्हणून ते आधीच आवराआवर करते. काश्मीरमधला चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाल होतो तो यामुळेच. आपल्याकडे बर्फ नाही. आपल्या झाडापुढचे संकट वेगळे आहे, ते म्हणजे पाण्याची टंचाई. पावसाळा संपला की जमिनीतली ओल खाली खाली जाते. पानांतून तर रोज पाणी उडत असते. मग झाड हिशेब करते की एवढी पाने आता पोसवणार नाहीत. म्हणून आपल्याकडची पानगळ साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंत होते, आणि रंग दिसतो तोही त्याच दिवसांत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती परदेशातल्या त्या चित्रांत दिसत नाही. आपली कितीतरी झाडे रंगतात ती पान गळताना नव्हे, तर पान फुटताना. पिंपळाची कोवळी पाने पाहा, आंब्याची पालवी पाहा, कुसुंब पाहा. तांबूस, गुलाबी, काही तर रक्तासारखी लाल. कोवळ्या पानातला हा तांबडा रंग उन्हाच्या माऱ्यापासून त्याला सांभाळतो, असे शास्त्रज्ञ मानतात. पान पक्के झाले की ते हिरवे होते. म्हणजे आपल्याकडे रंगाचे हंगाम दोन, शिशिरातला गळणाऱ्या पानांचा आणि वसंतातला नव्या पालवीचा. आपण मात्र शरदात रंग शोधतो आणि "आपल्याकडे असले काही नाही" म्हणून हळहळतो.

कपाशी लावणाऱ्यांना लाल पान वेगळ्या कारणाने माहीत आहे. कपाशीवर लाल्या आला की पाने अशीच तांबडी होतात, पण तिथे त्यात कौतुक नसते. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडले, रात्री अचानक गारवा वाढला, मुळांना पाणी लागले किंवा ओल तुटली की हरितद्रव्य मोडते आणि तांबडा रंग वर येतो. रंग तोच, पण झाड सांगते आहे ते निराळे. म्हणून पान लाल झालेले दिसले की आधी विचारावे, हे झाड काय सांगते आहे?

हे शास्त्र मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. झाड मात्र त्याच्या कितीतरी आधी पाहिले होते, ते मुंबईत, परळच्या चाळीत. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, गिरणीत कार्डिंग खात्यात होते. आम्ही पाटण तालुक्यातले. त्या काळी आमच्या भागातल्या घरोघरचा एक माणूस तरी लालबाग-परळला असायचा. मी आणि आई दोन वर्षे आबांकडे राहायला होतो. दहा बाय बाराची खोली, बाहेर सामाईक गॅलरी आणि खाली चौकात एक देशी बदाम. त्याच्या फांद्या मजल्यावर मजला चढवल्यासारख्या आडव्या पसरलेल्या होत्या. आम्ही पोरे खाली पडलेले बदाम दगडाने फोडून आतला शेंगदाण्याएवढा गर खायचो. रात्री वटवाघळे फळे खाऊन बिया टाकीत, त्या सकाळी आमच्या वाट्याला येत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. मी पाचवीत होतो. मला त्यातले एवढेच कळले की आबा आता दिवसा घरी दिसू लागले. त्या दिवसांत चौकातला बदाम लाल झाला होता. तळहाताहून मोठी पाने, निम्मी हिरवी, निम्मी लाल, काही तर जांभळट. वारा आला की खडखड आवाज करीत ती फरशीवर पडायची. कामावर न गेलेली माणसे त्याच्या पारावर बसून असत. मी आबांना विचारले, "आबा, झाड मरतंय का?" आबा म्हणाले, "मरत न्हाई बाळ. पाणी कमी पडतंय, म्हणून खाणारी तोंडं कमी करतंय. शिमग्याला बघ." आणि खरेच, होळीच्या आत झाडाच्या शेंड्यांवर पोपटी पाने उभी राहिली.

खाणारी तोंडे कमी करायची पाळी आमच्या घरावरही आली. मे महिन्यात आम्ही गावी परतलो. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि हजारो कामगारांना पुन्हा कधी काम मिळाले नाही. आबा त्यांतलेच एक. गावी येताना त्यांच्या पिशवीत चाळीतल्या बदामाच्या आठ-दहा बिया होत्या. मृगाचा पाऊस पडल्यावर त्यांनी त्या लावल्या. तीन उगवल्या, त्यांतले एक झाड टिकले. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी मुंबईचीच आणखी थोडी झाडे दाखवतो, कारण आपल्या हवेत कोणती झाडे रंगतात हे एका फेरीत पाहायचे असेल तर माघ-फाल्गुनात मुंबईइतकी सोयीची जागा नाही. तिथे जानेवारीतल्या रात्रीही पारा सरासरी १६-१७ अंशांच्या खाली उतरत नाही. एवढ्या उबदार गावात जे झाड रंगते ते आपल्या बहुतेक गावांत रंगेल.

माझी थोरली बहीण गिरगावात राहते. तिच्याकडे गेलो की मी सकाळी पायी निघतो. गिरगावात वाड्यांच्या तोंडाशी आणि चाळींच्या चौकांत बदाम दिसतो. हे झाड मुळात समुद्रकाठचे, त्यामुळे खारी हवा त्याला मानवते. तिथेच दुसरे झाड दिसते ते पिंपळ. देवळाच्या पारावरचा पिंपळ फाल्गुनात पाने झाडतो आणि आठ-पंधरा दिवसांत गुलाबी-तांबूस पालवीने भरून जातो. वाऱ्यावर ती पालवी चमकते तेव्हा पाहत राहावेसे वाटते. पण जरा मान वर करा. जुन्या इमारतींच्या भिंतींत, गच्चीच्या कठड्यांत, पाण्याच्या नळामागेही पिंपळाची रोपे उगवलेली दिसतील. पाखरांनी टाकलेल्या बीमधून ती उगवतात आणि पुढे त्यांची मुळे भिंत फोडतात. म्हणून पिंपळ लावायचा तो पारावर, गायरानात, ओढ्याच्या कडेला. घर, विहीर आणि पाण्याची टाकी यांपासून तो पन्नास फूट तरी लांब असावा. अंगणात लावू नये.

गिरगावातून भायखळ्याला आलो की राणीची बाग. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग आधी शिवडीला होती. पुढे भायखळ्याला नवी बाग झाली आणि ती १८६२ साली खुली झाली. गावाकडून आलेली मंडळी तिथे प्राणी बघायला जातात. झाडांकडे कोणाचे लक्ष नसते. तिथे उर्वशी नावाचे ब्रह्मदेशाकडचे झाड आहे. त्याची कोवळी पाने तांबूस जांभळी, ओल्या फडक्यासारखी लोंबतात आणि मग हळूहळू ताठ होऊन हिरवी होतात. उर्वशी आपल्याला मिळणे कठीण आणि जगवणे त्याहून कठीण. पण तिचाच भाऊबंद आपल्या घरचा आहे, सीताअशोक. त्याचीही पालवी अशीच तांबूस, मऊ, लोंबती. शिवाय नारिंगी-लाल फुलांचे घोस येतात. पाने बारा महिने असतात, म्हणून सावली तुटत नाही.

इथे एक सावधगिरी सांगतो. रोपवाटिकेत "अशोक" मागितला की बहुधा उंच, सरळ, लोंबत्या नागमोडी कडांच्या पानांचे झाड हातात देतात. तो आसुपालव, म्हणजे खोटा अशोक. सीताअशोकाच्या एका देठावर चार-सहा जोड्यांनी पानके असतात. एवढे पाहून घेतले तरी फसगत होत नाही. सीताअशोकाला थोडी सावली आणि ओल हवी. मोरीचे सांडपाणी जिथून जाते त्या बाजूला तो उत्तम येतो. माळरानावर, कोरड्या उन्हात त्याचे हाल करू नयेत.

पुढे लालबाग आणि परळ. गिरण्यांच्या जागी आता उंच इमारती आहेत. आमची चाळ गेली, चौक गेला आणि तो बदामही गेला. पण आजूबाजूच्या जुन्या चाळींत, शाळांच्या आवारांत त्याचे सोबती अजून उभे आहेत आणि माघात लाल होतात. या भागात गुलमोहर आणि विलायती शिरीषही पुष्कळ. गुलमोहर दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे वरवरची. मुंबईत पावसाळ्यात झाड कोसळल्याची बातमी येते तेव्हा त्यात पुष्कळदा गुलमोहर असतो. विलायती शिरीषाचा घेर एवढा मोठा की त्याला मैदान हवे. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने मुंबईतले कितीतरी शिरीष वाळले. दोन्ही झाडे बाहेरच्या देशांतून आलेली. कौलाशेजारी किंवा पत्र्याशेजारी ती नकोत.

दादरला पोचलो की रस्ते रुंद होतात आणि झाडे ओळीने उभी दिसतात. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाटी कमी करण्यासाठी सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्याने हे सगळे त्यातूनच आले. पारशी कॉलनी वसवणाऱ्या मंचेरजी जोशींनी रस्त्यारस्त्याला वेगवेगळ्या जातींची झाडे लावून घेतली, असे सांगतात. या विचारात आपल्यालाही घेण्यासारखे आहे. सगळ्या गावाने एकच झाड लावले की एका किडीत सगळे गाव उघडे पडते.

मुंबईच्या रस्त्यांवर मला सर्वांत आवडते ते तामण. हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल. वैशाखात जांभळ्या फुलांचे तुरे येतात, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास झाड ऐन भरात असते. पण फुलांच्या कौतुकात लोक त्याची पाने विसरतात. थंडीत तामणाची पाने तांब्यासारखी लाल होतात आणि मग गळतात. म्हणजे एकाच झाडाकडून वर्षात दोनदा रंग मिळतो. झाड मध्यम उंचीचे, लाकूड चांगले. कोकणात ओढ्याकाठी ते आपोआप येते, त्यावरून ओळखावे की त्याला पाणी आवडते. घाटावरही सांडपाण्याच्या किंवा ठिबकच्या आधाराने चांगले वाढते.

दादर स्थानकाबाहेरचा फुलबाजारही पालवीचाच बाजार आहे. गुढीपाडव्याला तिथे आंब्याचे डहाळे भाऱ्यांनी येतात, दसऱ्याला आपटा येतो. ठाणे, पालघर, रायगडकडच्या कितीतरी बायाबापड्यांचे दोन दिवसांचे पोट त्यावर चालते. त्यांना माझे एवढेच सांगणे असते की डहाळी विळ्याने नीट छाटा, ओरबाडू नका, आणि एकाच झाडावर भार टाकू नका. आंब्याची आजची तांबूस पालवी पक्की झाली की पुढे तिच्याच शेंड्याला मोहोर येतो. ती सगळी उतरवली तर झाड फळ कुठे धरणार?

मुंबईच्या रस्त्यांवर सहसा न दिसणारे, पण आपल्या सह्याद्रीतले एक झाड इथे सांगितलेच पाहिजे. कुसुंब. फाल्गुन-चैत्रात घाटातून एस.टी. जाते तेव्हा दरीत एखादे झाड पेटल्यासारखे लाल दिसते. प्रवासी म्हणतात, "काय फुललंय बघा!" ती फुले नसतात, ती कुसुंबाची पालवी असते. परदेशातल्या त्या चित्राला तोडीस तोड असे आपले झाड कोणते, असे मला विचाराल तर मी कुसुंबाचे नाव घेईन. उन्हाळा तापायच्या आत त्याची पाने हिरवी होऊन दाट सावली पडते. बियांचे तेल निघते, आणि लाखेच्या किड्यांना हे झाड फार मानवते. वाढ मात्र सावकाश. लावणाऱ्याने घाई करू नये. अंगण मोठे असेल किंवा खळ्याच्या, गोठ्याच्या बाजूला जागा असेल तिथे हे झाड शोभते.

आता आमच्या दारातल्या बदामाची गोष्ट. आबांनी तो लावला घराच्या दक्षिणेला, पडवीसमोर, भिंतीपासून सुमारे अठरा फुटांवर. दक्षिणेलाच का, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. पण कार्डिंग खात्यातल्या कापसाच्या धुळीने त्यांची छाती भरलेली होती. थंडीत सकाळी त्यांना दम लागायचा. डॉक्टरांनी धूर आणि धूळ टाळायला सांगितली होती. सकाळच्या उन्हात बसले की त्यांना बरे वाटे. थंडीत सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो. मार्गशीर्षात बदाम तांबडा व्हायला लागायचा, पौष-माघात पाने गळायची आणि पडवीत आबांच्या घोंगडीपर्यंत ऊन यायचे. फाल्गुनात पालवी फुटायची. चैत्र-वैशाखात, ऊन नकोसे होई तेव्हा, त्याच पडवीत गार सावली असायची. झाड आपणहून दार उघडायचे आणि लावायचे. आबा २००४ साली गेले. तोवर वीस वर्षे त्यांनी हा हिशेब त्या झाडाकडून करून घेतला.

आईची मात्र तक्रार होती. "रंग तुमाला, आन् झाडलोट मला," असे ती म्हणायची. तिचे खरे होते. बदामाचे पान मोठे आणि चिवट, लवकर कुजत नाही. घराघरांत हे असेच असते. झाडाचे कौतुक पुरुष करतात आणि पाने बायका लोटतात. म्हणून रंगणारे झाड लावायचे तर पानांची सोय आधी ठरवावी. आमच्याकडे कोपऱ्यात तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा केला. पाने थोडी चुरून एक थर टाकायचा, त्यावर शेणकाला, त्यावर मूठ-दोन मूठ माती, पुन्हा पाने. गळताना झाडाने नत्र काढून घेतलेले असते, म्हणून नुसती पाने लवकर कुजत नाहीत. शेण मिसळले की ती भूक भागते. ओल राखली आणि महिन्यातून एकदा खाली-वर केले की पावसाळ्यापर्यंत परसातल्या वांग्या-मिरचीला पुरेल एवढे खत होते. उरलेली पाने केळीच्या आणि लिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरतो. काडी लावून पेटवून देऊ नयेत. त्या धुराने घरातल्या म्हाताऱ्यांची आणि लेकरांची छाती बिघडते, आणि खतही हातचे जाते.

तेव्हा मंडळी, दारात रंगणारे झाड लावायचे असेल तर रंग शेवटी पाहा. आधी तीन गोष्टी पाहा. हे झाड पाने कधी गाळते? पालवी कधी फुटते? आणि पूर्ण वाढल्यावर त्याचा घेर किती होतो? थंडीत पाने गाळणारे आणि कडक उन्हाच्या आत पालवणारे झाड घराच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला लावावे. बदाम आणि तामण भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर. कुसुंब, मोह, आंबा तीस फुटांवर. सीताअशोक दहा-बारा फुटांवर चालतो. वर विजेची तार आणि खाली पाण्याची पाइप नाही हे पाहून मगच कुदळ मारावी. जागा नीट ठरवण्याचे आणखी एक कारण आहे. १९६४ च्या झाडतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणे आंबा, मोह, जांभूळ अशी काही झाडे आपल्या स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे लावणे आपल्या हातात असते, काढणे नसते.

खड्डा चैत्र-वैशाखातच काढून तापू द्यावा. मोठ्या झाडाला तीन फूट लांब, रुंद आणि खोल. लहानाला दोन फूट पुरे. पहिला चांगला पाऊस झाला की वरची माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरावा आणि रोप लावावे. काठीचा आधार द्यावा, शेळ्यांपासून काटेरी कुंपण करावे. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये. त्यापुढे झाड आपला हिशेब आपण करायला शिकते.

रोप आणायला निघण्याआधी मात्र या माघात एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या आणि गावाभोवती, ओढ्याकाठी, देवराईत एक फेरी मारा. कोणते झाड लाल झाले आहे, कोणते पिवळे, कुठे पालवी तांबूस फुटली आहे, ते पाहा आणि नाव विचारून घ्या. आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर जे रंगते आहे त्याचेच बी धरून ठेवा. त्याला बाराशे रुपये पडणार नाहीत, आणि वैशाखात ते वाळणारही नाही.